मोजपट्टी सर्वांत शेवटी

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या सरहद्दीला जवळपास टेकलेलं रोझो नावाचं छोटं गाव आहे. १९५६ साली तिथल्या एका शेतीअवजारांच्या कारखान्यात बर्फावर चालणारं एक विचित्र वाहन तयार झालं. कारखाना एडगर हेटीन, त्याचा भाऊ ॲलन आणि मित्र डेव्हिड जॉन्सन यांचा. वाहनाचं इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं, खालचा पट्टा धान्य चढवणाऱ्या यंत्राचा, आणि पुढच्या दोन स्की तर चक्क एका शेवरोले मोटारीचा बंपर कापून बनवलेल्या. कामगारांचे पगार भागवायला पैसे कमी पडत होते, म्हणून हे यंत्र गावातल्या लाकडाच्या वखारीच्या मालकाला ४६५ डॉलरला विकून टाकलं. तोच कारखाना आज पोलारिस या नावाने जगभर ओळखला जातो.

त्याच्याही बत्तीस वर्षं आधी, १९२४ मध्ये, विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावच्या कार्ल एलियसनने बोटीचं अडीच अश्वशक्तीचं इंजिन बसवून बर्फावरची घसरगाडी केली होती. तिच्या स्की वळायच्या त्या दोऱ्यांनी. दोरी काय किंवा बंपर काय, माणूस धावत गाठू शकेल अशा वेगाला सगळं खपून जातं. स्की दोन बोटं वाकडी असली तरी गाडी फार तर जरा तिरकी जाईल. आजची स्नोमोबाईल मात्र अडीचशे किलोंच्या आसपास वजनाची असते आणि गोठलेल्या तळ्यावर ताशी दीडशे किलोमीटरचा वेग सहज गाठते. या वेगाला पुढच्या दोन स्कींमधला तीन मिलिमीटरचा फरक चालवणाऱ्याच्या मनगटाला कळतो, आणि दहा मिलिमीटरचा फरक त्याला थेट झाडीत नेऊ शकतो.

हे तीन मिलिमीटर साधायचे कसे, हा या प्रकरणाचा विषय. उत्तर सांगायला सोपं आहे: स्कीला वळवणाऱ्या दांड्याचा, म्हणजे टाय रॉडचा, नट सैल करा, रॉड फिरवा, मोजा, नट आवळा. अर्ध्या तासाचं काम. पण नव्वद टक्के कष्ट त्या अर्ध्या तासाच्या आधीचे असतात आणि नेमके तेच टाळले जातात. ढिल्या सांध्यांवर केलेली स्कींची जुळणी, म्हणजे अलाइनमेंट, गॅरेजच्या दारापर्यंतच टिकते.

जुन्या गाड्यांमध्ये हा घोळ कमी होता, कारण मुळात सांधेच कमी होते. प्रत्येक स्की पोलादी पाट्यांवर बसवलेली असे, ट्रकच्या मागच्या चाकांना असतात तशा पाट्यांवर. धक्के बऱ्यापैकी बसत, पण मोडण्यासारखं फारसं काही नसे. १९६८ च्या एप्रिलमध्ये राल्फ प्लेस्टेड हा मिनेसोटाचा विमाविक्रेता तीन साथीदारांसह अशाच स्की-डू गाड्यांवरून उत्तर ध्रुवावर पोहोचला. अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने त्यांच्या जागेची वरून खात्री करून घेतली. बर्फावरून ध्रुवापर्यंत गेल्याचा निर्विवाद पुरावा असलेली ही पहिली मोहीम. तिच्यात वॉल्ट पेडरसन हा मेकॅनिक होता, आणि जाँ-लुक बोंबार्डिए होता, म्हणजे स्की-डू बनवणाऱ्या घराण्यातलाच एक. ध्रुवावर जाणाऱ्या चौघांपैकी एक जागा पाने-पक्कडवाल्याला दिली होती, ही गोष्ट शहाणपणाची म्हणायला हवी.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पोलारिसने शर्यतीच्या गाड्यांमध्ये दोन्ही स्कींना एकमेकींपासून स्वतंत्र केलं आणि १९८० मध्ये टीएक्स-एल इंडी हे मॉडेल सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आणलं. डाव्या स्कीखाली खड्डा आला तर उजवीला त्याची खबर लागू नये, ही कल्पना. मोटारींमध्ये ती कधीच रुळली होती. आज बहुतेक सगळ्या गाड्यांना प्रत्येक बाजूला दोन त्रिकोणी आर्म असतात, एक वर आणि एक खाली. त्यांच्या बाहेरच्या टोकांना बॉल जॉइंट, आतल्या टोकांना बुश, मधोमध शॉकॲब्सॉर्बर आणि त्याच्याभोवती स्प्रिंग. दोन्ही आर्मच्या टोकांनी धरलेला उभा दांडा म्हणजे स्पिंडल. स्पिंडलच्या पायाला एका बोल्टवर स्की डुलत असते. प्रवास सुखाचा झाला, वेग वाढला, आणि सांध्यांची संख्याही वाढली.

आता हँडलपासून बर्फापर्यंतची साखळी मोजून पाहावी. हँडल फिरवलं की स्टिअरिंगचा उभा दांडा फिरतो. त्याच्या तळाशी एक आखूड हात असतो. तो आडव्या दुव्याला ढकलतो, दुवा मधल्या हाताला, मधला हात दोन्हीकडच्या टाय रॉडना, टाय रॉड स्पिंडलच्या हाताला, स्पिंडल स्कीला. मॉडेलप्रमाणे एखादा दुवा कमी-जास्त होतो, पण झिजू शकतील अशा जागा डझनभर तरी भरतात. मेकॅनिकच्या भाषेत प्रत्येक जागी थोडा ‘प्ले’ असतो.

समजा, टाय रॉडच्या टोकापर्यंत येता येता या सगळ्यांचा मिळून एक मिलिमीटर प्ले जमला. स्पिंडलचा वळवणारा हात साधारण दहा सेंटिमीटर लांबीचा आणि स्कीचं नाक स्पिंडलपासून पन्नास सेंटिमीटर पुढे असं धरलं, तर तो एक मिलिमीटर नाकाशी पाच मिलिमीटर होतो. अलाइनमेंटमध्ये जे साधायचं आहे, जवळजवळ तेवढाच हा आकडा. मोजताना स्की ज्या बाजूला टेकली असेल त्या बाजूचा आकडा मिळणार आणि पुन्हा हात लावला की दुसरा. कित्येक मालक एकाच संध्याकाळी चार वेळा मोजून चार उत्तरं काढतात आणि टेपला दोष देतात.

म्हणून जाणता मेकॅनिक सुरुवात धुण्यापासून करतो. बर्फातून आलेल्या गाडीच्या पुढच्या भागात, आर्मच्या बेचक्यांत बर्फ, माती आणि जुनं ग्रीस यांचा थर बसलेला असतो. तो निघाल्याशिवाय आर्मच्या वेल्डिंगजवळचा केसासारखा तडा दिसत नाही. मग गाडीचं नाक जॅकवर उचलून दोन्ही स्की अधांतरी सोडायच्या. एक जण स्की पुढे-मागे, वर-खाली आणि आडवी हलवतो आणि दुसरा एकेका सांध्यावर बोट ठेवतो. डोळ्याला न दिसणारा ढिलेपणा बोटाला कळतो: आत गोळी किंचित सरकल्याचा बारीक टक. बोट अर्धं सांध्याच्या घरावर आणि अर्धं दांड्यावर असावं लागतं, तरच दोघांमधली हालचाल जाणवते. हँडल हलकेच डावी-उजवीकडे हलवत हीच फेरी वरपासून खालपर्यंत पुन्हा केली जाते. अशाने दोषी सांधा सापडतो. नुसती स्की हलवून ‘पुढचं सगळंच ढिलं झालंय’ एवढंच कळतं, आणि मग दुकानदाराची चांदी होते.

झीज कुठे होते, याचाही एक ठरावीक क्रम आहे. सर्वांत आधी स्कीच्या बोल्टभोवतीचे बुश जातात, कारण ते बर्फाच्या आणि पाण्याच्या सर्वांत जवळ. त्याखालोखाल टाय रॉडची टोकं आणि बॉल जॉइंट. आर्मचे आतले बुश जास्त टिकतात, अर्थात ग्रीस मिळत असेल तर. स्टिअरिंगच्या दांड्याला धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे ठोकळे तर अनेकांना ठाऊकच नसतात. ते झिजले की हँडल हातात थोडं वर-खाली डुलतं आणि संशय मात्र निरपराध टाय रॉडवर जातो.

ग्रीसबद्दल एक गोष्ट उष्ण प्रदेशातल्या वाचकाला चटकन सुचणार नाही. मोटारीत ग्रीस मुख्यतः घर्षण कमी करायला घालतात. स्नोमोबाईलमध्ये पाणी बाहेर काढणं हे त्याचं तितकंच मोठं काम आहे. दिवसभर इंजिनाच्या आणि घर्षणाच्या उष्णतेने वितळलेलं बर्फ बुशमध्ये शिरतं आणि रात्री उणे वीसला तिथेच गोठतं. सकाळी हँडल जड लागतं, कधी हलतच नाही. गोठताना पाणी फुगतं आणि बुशला आतून सैल करतं. म्हणून निपलला ग्रीस गन लावून नुसते दोन दाब देऊन भागत नाही. कडेने आधी गढूळ, पाणेरी ग्रीस बाहेर येतं, मग स्वच्छ ग्रीस दिसू लागतं, तोवर भरत राहायचं. आणि ग्रीस थंडीत घट्ट न होणारंच हवं. ट्रॅक्टरचं साधं ग्रीस उणे तीसला मेणबत्तीच्या मेणासारखं होऊन बसतं.

स्की आणि स्पिंडलच्या मध्ये रबराचा एक जाड ठोकळा असतो. दिसायला क्षुल्लक, पण स्कीचं नाक वर धरून ठेवणं हे त्याचं काम. काही हंगामांनंतर तो चेपतो आणि कडकपणा हरवून बसतो. मग स्की बोल्टवर पाळण्यासारखी झुलू लागते आणि सरळ रस्त्यावरही नाक शोध घेत फिरतं. हा ठोकळा बदलायला पैसे आणि वेळ दोन्ही फार लागत नाहीत. तरीही शेकडो डॉलरच्या नव्या स्की विकत घेऊन झाल्यावरच तो अनेकांना आठवतो.

आता स्कीच्या तळाकडे यायला हवं. स्कीचं वरचं प्लॅस्टिक गाडीला बर्फावर तरंगवतं. वळवण्याचं काम करते ती तळाच्या मधोमध बसवलेली पोलादी सळई. सळईला खाच पाडून तिच्यात टंगस्टन कार्बाइडचे तुकडे डाखलेले असतात, मॉडेलप्रमाणे चार, सहा, आठ इंच लांबीचे. ही धारदार कड कडक बर्फात रुतते आणि गाडीला वळण मिळतं. कार्बाइड अतिशय कठीण, पण तितकंच ठिसूळ. नुसत्या बर्फाने ते फार हळू झिजतं. त्याची वाट लागते ती पायवाट ओलांडून जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर आणि खडीवर. धार बोथट झाली किंवा तुकडे उडाले की हँडल वळतं पण गाडी सरळ सुटते. पोलादी सळई निम्मी झिजली तर आतले कार्बाइडचे तुकडे धरून ठेवायला काही उरत नाही आणि तीही बदलावी लागते.

बर्फाच्या मळलेल्या वाटांवर दुसराच त्रास होतो. आधी गेलेल्या गाड्यांच्या सळयांनी बर्फात खोल रेघा पाडलेल्या असतात. बैलगाडीचं चाक जसं जुन्या चाकोरीत उतरलं की बाहेर यायचं नाव घेत नाही, तशी स्कीची धार त्या रेघेत शिरते आणि रेघ जाईल तिकडे गाडीला ओढते. चालवणारा हँडल सरळ धरून असतो आणि गाडी आपली डावी-उजवीकडे झेपा घेते. यावर उपाय म्हणून शेजारी-शेजारी दोन धारा असलेल्या सळया निघाल्या: रेघ एका धारेला गाठते तेव्हा दुसरी सपाट बर्फावर असते. पण सळई कुठलीही असो, स्की वाकड्या बसवलेल्या असतील तर त्या झेपा वाढतातच.

एवढं सगळं झाल्यावर मोजपट्टी काढायची.

मोजायचं कशाच्या आधाराने, हा प्रश्न इथे निर्णायक आहे. मोटारीत आधार मागच्या चाकांचा असतो. स्नोमोबाईलला मागे चाकं नाहीत. गाडीला पुढे ढकलणारा एकच रबरी पट्टा आहे, साधारण पंधरा इंच रुंदीचा. गाडी पट्ट्याच्या दिशेने जाते, बॉडीच्या दिशेने नाही. म्हणून बंपर, पाय ठेवायच्या फळ्या, हँडलचा मध्य यांपैकी कशावरूनही स्की मोजणं फोल. आधी पट्टाच रुळांवर मधोमध धावतो की नाही, हे मागच्या दोन्ही बाजूंच्या बोल्टनी जुळवून घ्यावं लागतं. मग ॲल्युमिनियमची एक लांब सरळपट्टी पट्ट्याच्या कडेला लावायची. ती पट्ट्याला पुढे आणि मागे अशा दोन्ही ठिकाणी टेकली पाहिजे आणि तिचं टोक स्कीच्याही पुढे गेलं पाहिजे. दुसऱ्या बाजूला तशीच दुसरी पट्टी. आता गाडीची खरी दिशा दाखवणाऱ्या दोन समांतर रेषा जमिनीलगत तयार झाल्या.

गाडी या वेळी आपल्या वजनावर उभी असावी लागते, जॅकवर नाही. पुढचे आर्म खाली-वर होताना टाय रॉडचा कोन बदलतो आणि स्कीची दिशाही थोडी बदलते. म्हणून उचललेल्या गाडीवर घेतलेलं माप बर्फावर लागू पडत नाही. फरशी सपाट आणि गुळगुळीत हवी, नाहीतर खडबडीत काँक्रीटवर सळई अडकते आणि स्की आपल्या जागी सरकत नाही. गाडीला दोन-चार वेळा दाबून सोडायचं, थोडं पुढे-मागे लोटायचं, म्हणजे आर्म नैसर्गिक उंचीवर बसतात. हँडल अगदी सरळ करून दोरीने किंवा पट्ट्यांनी बांधून टाकायचं.

मग प्रत्येक स्कीच्या बोल्टपासून पंचवीस सेंटिमीटर पुढे आणि तितकंच मागे, अशी दोन मापं घ्यायची. सरळपट्टीपासून टेप न्यायचा तो तळाच्या सळईच्या मध्यापर्यंत. स्कीची प्लॅस्टिकची कड धरायची नाही, कारण प्लॅस्टिक उन्हाने आणि वापराने वाकतं. काही कंपन्यांच्या पुस्तिका मापाच्या आधी दोन्ही स्कींची नाकं हाताने आत दाबायला सांगतात, म्हणजे राहिलासाहिला प्ले एका बाजूला बसतो. हाही झिजलेल्या सांध्यांवरचा इलाज नाही. चांगल्या सांध्यांमध्येही जो थोडा प्ले असतो, त्याच्यापुरताच.

आकडा किती यावा? बहुतेक उत्पादक स्की समांतर किंवा पुढून किंचित फाकलेल्या ठेवायला सांगतात: शून्यापासून पाव इंचापर्यंत, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो आणि तो त्याच्या पुस्तिकेतूनच घ्यायला हवा. पुढून जवळ आलेल्या स्की मात्र कोणीच मागत नाही. कारण सरळ आहे. स्कीचं नाक किंचित बाहेर असेल तर समोरून येणारं बर्फ तिला आतल्या बाजूने ढकलतं, दोन्ही स्की बाहेरच्या दिशेला ताणलेल्या राहतात आणि सांधे एका बाजूला टेकून स्थिर होतात. नाक आत असेल तर बर्फ दोघींना एकमेकींकडे रेटतं. एखादीवरचा भार क्षणभर हलका झाला की दुसरी गाडीला आपल्याकडे खेचते. फाक जास्त झाली तरीही नुकसानच: दोन्ही धारा दिवसभर बर्फ आडवं खरवडत राहतात, वेग कमी होतो आणि कार्बाइड वेळेआधी संपतं.

फरक दुरुस्त करायचा तो टाय रॉड फिरवून. याच्या एका टोकाला सरळ आटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे. त्यामुळे रॉड जागेवरच फिरवला तरी त्याची लांबी वाढते किंवा कमी होते. उलट आट्यांचा लॉक नट उलट्या दिशेने सुटतो, हे विसरून जोर लावणाऱ्यांनी किती नट बाद केले असतील याची मोजदाद नाही. दोन्ही बाजूंचे रॉड शक्यतो सारखेच फिरवावे लागतात, नाहीतर स्की जुळतात पण हँडल वाकडं होतं. टोक फार बाहेर काढलं तर आट्यांची पकड अपुरी पडते आणि एखाद्या धक्क्याला रॉड सुटून येऊ शकतो. काही टोकांना हे तपासायला बारीक छिद्र ठेवलेलं असतं. छिद्रातून आटे दिसले पाहिजेत. नट आवळताना दोन्ही टोकं एका पातळीत आहेत ना, हेही पाहायचं. ती पिळलेली राहिली तर हँडल पूर्ण वळवताना गोळी घराच्या कडेला आदळते आणि तिथूनच रॉड एक दिवस तुटतो.

एवढं करूनही दोन्ही बाजूंची मापं जुळत नसतील तर अलाइनमेंट थांबवून आर्मकडे बघायला हवं. झाडाच्या बुंध्याला किंवा बर्फाखालच्या दगडाला स्की धडकली की सर्वांत आधी आर्म वाकावा, अशाच बेताने तो बनवलेला असतो. आर्म स्वस्त, त्याच्या मागचा सांगाडा महाग. वाकलेला आर्म नुसत्या नजरेला कित्येकदा दिसत नाही. डाव्या स्कीच्या बोल्टपासून गाडीच्या मागच्या एखाद्या ठरावीक बोल्टपर्यंतचं अंतर घ्यायचं, तेच उजवीकडे घ्यायचं. फरक आला की कुठला आर्म गेला ते कळतं. स्पिंडलच्या उभेपणातला फरकही कोनमापकाने चटकन पकडता येतो. टाय रॉड फिरवून वाकलेला आर्म ‘जुळवून घेणारे’ मेकॅनिक सगळीकडेच भेटतात. अशी गाडी सपाटीला सरळ चालते आणि पहिल्या उंचवट्यावर आर्म दबला की अचानक एका अंगाला जाते.

वाकण्या-तुटण्याचं हे प्रकरण किती टोकाला जातं ते अलास्काच्या आयर्न डॉग शर्यतीत पाहायला मिळतं. १९८४ पासून चालत आलेली ही शर्यत दोन हजार मैलांहून लांब. दोघांची जोडी, प्रत्येकाची आपली गाडी, आणि वाट गोठलेल्या नद्यांवरून, गवताच्या टणक गाठोड्यांवरून, बेरिंग समुद्राच्या काठच्या नोम गावापर्यंत. तिथे थांबा मिळतो आणि जोड्या गाड्यांवर तुटून पडतात. आर्म, शॉकॲब्सॉर्बर, स्की, टाय रॉड, मिळेल ते बदललं जातं. अलास्काच्या माजी गव्हर्नर सारा पेलिन यांचे तेव्हाचे पती टॉड पेलिन यांनी ही शर्यत चार वेळा जिंकली. २००८ मध्ये बर्फात दडलेल्या अडथळ्यावर त्यांची गाडी धडकली, ते फेकले गेले आणि हात मोडला, तरी जोडीदारासह त्यांनी शर्यत पुरी केली आणि चौथा क्रमांक मिळवला. या शर्यतीत उतरणारे बर्फात गुडघे टेकून, गार पडलेल्या बोटांनी टाय रॉड बदलायची तयारी ठेवूनच निघतात. तिथे सरळपट्टी नसते. घरून निघताना मापाने बसवलेल्या रॉडची लांबी सुट्या भागांतल्या रॉडवर आधीच उतरवून ठेवलेली असली तर काम भागतं.

भारतात स्नोमोबाईलला सहसा ‘स्नो स्कूटर’ म्हणतात. गुलमर्गला गेलेल्या मराठी पर्यटकाने तिच्यावर फेरी मारलेली असते. सियाचेनवर लष्कर तिचा वापर करतं. अंटार्क्टिकावरच्या भारतीय मोहिमांमध्येही ती असते, आणि या मोहिमा ज्या संस्थेकडून चालवल्या जातात ते राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे गोव्यात, वास्कोच्या हेडलँड सडा इथे. १९८१ च्या डिसेंबरात पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्याहूनच निघाली. मैत्री आणि भारती या तळांवर सुटे भाग जहाज येईल तेव्हा येतात, म्हणजे वर्षातून एकदा उन्हाळ्यात. अशा ठिकाणी झिजलेला बुश वेळेवर ओळखण्याला वेगळीच किंमत असते, कारण तो बदलला नाही तर त्याच्या शेजारचा महागडा स्पिंडल झिजू लागतो, आणि स्पिंडल यादीत नसेल तर गाडी पुढच्या जहाजापर्यंत उभी.

अलाइनमेंट अचूक झाल्यावरही हँडल जड किंवा फार हलकं वाटू शकतं. तेव्हा प्रश्न स्कीच्या दिशेचा नसून तिच्यावर किती भार पडतो याचा असतो. हा भार पुढच्या स्प्रिंगनी ठरतो असा बहुतेकांचा समज आहे. खरं तर त्याचा मोठा वाटा मागच्या पट्ट्याच्या आतल्या सस्पेन्शनच्या हातात आहे. तिथे पुढच्या आर्मला बांधलेला एक मजबूत कापडी पट्टा असतो. तो आवळला की गाडीचं नाक खाली बसतं आणि स्कीवर भार वाढतो. सैल केला की नाक हलकं होतं. रबरी पट्ट्याला खिळे मारलेले असले, ९६ किंवा १४४, तर मागची पकड एवढी वाढते की पुढे जास्त लांबीचं कार्बाइड लागतं. नाहीतर मागचा भाग पुढच्याला सरळ ढकलत नेतो आणि वळण हुकतं.

शॉकॲब्सॉर्बरची तपासणी स्प्रिंग काढून करतात. दांडा आत दाबताना आणि बाहेर येताना सगळीकडे सारखा विरोध लागला पाहिजे. मध्येच पोकळ झटका लागला तर आतल्या तेलात हवा मिसळली आहे. सीलजवळ तेलाचा ओलावा दिसला तर काही विचारायलाच नको. चांगल्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये दाबाखालचा नायट्रोजन असतो. त्यामुळे तो घरी उघडण्याचा मोह आवरावा. हे काम दाब भरायची साधनं असलेल्या कार्यशाळेचंच.

पहिली चाचणी सपाट, मोकळ्या जागी, कमी वेगाने. हँडल सैल धरल्यावर गाडी एकाच बाजूला सतत ओढत असेल तर बहुधा स्की पट्ट्याशी समांतर नाहीत, किंवा एका बाजूची स्प्रिंग जास्त आवळली गेली आहे. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल तर संशय सळई, रबरी ठोकळा किंवा राहून गेलेल्या प्लेवर. सरळ जाते पण हँडल वाकडं आहे, असं असेल तर एक टाय रॉड जितका लांबवायचा तितकाच दुसरा आखूड करायचा. स्कींमधलं अंतर तसंच राहतं आणि हँडल मध्यावर येतं. काढलेली प्रत्येक कॉटर पिन परत न वापरता नवी घातली जाते, आणि लॉक नट टॉर्क रेंचने आवळल्यावर नटावरून रॉडवर जाणारी रंगाची एक बारीक रेघ ओढली जाते. पन्नासेक किलोमीटर चालवून आल्यावर ही रेघ आधी पाहायची. ती अखंड असेल तर काम झालं. तुटलेली असेल तर नट फिरला आहे, आणि तसं असेल तर टेप न उचलता पुन्हा नाक जॅकवर घेऊन बोटाने सांधे चाचपायला सुरुवात करायची.